तळाची ओळ

महाविद्यालयात बोलायला बोलावलं की मी त्या दिवशीचं वर्तमानपत्र सोबत नेते. ते मुलांच्या हातात देते आणि सांगते, यातली सगळ्यात बारीक टायपातली ओळ शोधा. मुलं आधी राशिभविष्याकडे जातात, मग छोट्या जाहिरातींकडे. पानाच्या अगदी तळाशी दडलेली ती ओळ सापडायला चार-पाच मिनिटं तरी लागतात. तिच्यात मालक, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं असतात, अंक कुठे छापला तो पत्ता असतो, आणि संपादकाच्या नावाला जोडून बातम्यांच्या निवडीची कायद्यानुसार जबाबदारी यांची, अशा अर्थाचे चार शब्द असतात. आम्ही तिला प्रिंटलाइन म्हणतो. ती सक्तीची केली १८६७च्या इंग्रजी अमलातल्या कायद्याने. त्याच्या जागी २०२३चा नवा कायदा आला, तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. कायदा बदलला, ओळ तिथेच राहिली.

या पुस्तकाच्या संपादकांनी प्रस्तावना मागितली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हीच ओळ आली. पत्रकारिता आणि प्रकाशन या क्षेत्रांत विद्यार्थ्यांना कोणत्या संधी आहेत हे सांगणारं पुस्तक आहे, तर प्रस्तावनेची सुरुवात पहिल्या पानावरच्या ठळक नावांपासून व्हायला हवी, हे मलाही कळतं. पण ती नावं मुलांना पाठ असतात. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणांना टीव्हीवर बोलायचं असतं, एकाला स्तंभ लिहायचा असतो, आणि उरलेल्याच्या कवितासंग्रहाला प्रकाशक हवा असतो. मग प्रश्न येतो, “मॅडम, स्कोप आहे का?” आहे. मात्र तो त्यांना वाटतो तिथे कमी आहे, आणि त्यांनी कधी पाहिलंच नाही तिथे पुष्कळ आहे. छापलेल्या प्रत्येक शब्दाची हमी कोणीतरी घ्यावी लागते. ती घेण्याचं काम शिकणारी माणसं या दोन्ही धंद्यांना कायम कमी पडत आली आहेत.

‘आताची मुलं’ म्हणून सुस्कारा सोडणाऱ्यांना एक आठवण करून देते. मराठी पत्रकारिता विशी-पंचविशीतल्या मुलांनीच उभी केली. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला तेव्हा बाळशास्त्री जांभेकरांचं वय विशीच्या आसपास होतं. एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी, अशी त्याची रचना होती. जानेवारी १८८१मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा टिळक आणि आगरकर दोघेही चोवीस वर्षांचे होते, आजच्या हिशेबाने नुकतेच एम.ए. झालेल्या मुलांएवढे. पुढची गोष्ट वर्गात सांगितली की शांतता पसरते. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविरुद्ध आपल्या हाती आलेल्या पत्रांच्या आधारे या मंडळींनी लिहिलं, ती पत्रं बनावट निघाली, अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध होता, धाडस होतं, भाषेवरची हुकमत तर विचारायलाच नको. कागद मात्र खरा नव्हता. आज माहिती-पडताळणी या नावाने जी नोकरी मिळते, तिची गरज काय हे याहून नेमकं मला सांगता येत नाही.

आणि त्याच काळातलं दुसरं नाव, जे पत्रकारितेच्या वर्गात कोणी घेत नाही, ते जावजी दादाजींचं. घरची गरिबी, कोवळ्या वयात ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले आणि खिळे घासता घासता अक्षर ओळखायला शिकले. त्यांनी १८६९मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची संस्कृत आणि मराठी पुस्तकं आजही ग्रंथालयात हाती घ्यावीत आणि टायपाकडे नुसतं बघत बसावं. लेखक नसलेला माणूस या धंद्यात किती मोठा होऊ शकतो, हे तिथे दिसतं.

माझी स्वतःची सुरुवात जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दैनिकात, डेस्कवर झाली. डेस्क म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, कारण पाठ्यपुस्तकातली व्याख्या वाचून काही कळत नाही. तालुक्याहून बातमीदारांच्या बातम्या येतात. बातमीत सभा चार परिच्छेद असते, ठराव एका ओळीत असतो आणि अध्यक्षांचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेलं असतं. उपसंपादकाने ठराव वर आणायचा, सभा कापायची, नाव फोन करून पक्कं करायचं, मथळा द्यायचा. हे सगळं घड्याळाकडे बघत, कारण लांब जाणारी डाक आवृत्ती आधी सुटते आणि शहर आवृत्ती शेवटी. पान सोडल्यावर जी चूक दिसते ती सकाळी सगळ्या जिल्ह्याला दिसते.

माझी चूक दिसली ती अशी. विहिरीत पडून दोघांचा मृत्यू झाल्याची बातमी रात्री उशिरा आली. गाव पिंपळगाव. मी तालुका घातला, आणि तो मनानेच घातला, कारण मला एकच पिंपळगाव माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ एसटीने दोन तास प्रवास करून कार्यालयात आले. ओरडले नाहीत. त्यांनी पेपर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बाई, आमच्या गावात असं काही झालेलं नाही. पण सकाळपासून माझ्या मुलीचे, बहिणीचे, साऱ्यांचे फोन येतायत.” त्या जिल्ह्यात तीन पिंपळगावं होती. त्या दिवसापासून माझ्या खणात तालुकावार गावांची यादी असायची. नोकरी सोडताना ती मी माझ्यानंतर आलेल्या मुलीला दिली. पत्रकारितेची पदवी माझ्याकडे तेव्हा होती. यादी नव्हती.

बातमीदारीचं आकर्षण मी कमी लेखत नाही. उलट, तालुक्याचा बातमीदार हा या सगळ्या डोलाऱ्याचा पाया आहे आणि त्याच्याइतकं वाईट आपण कोणाला वागवत नाही. अनेक ठिकाणी त्याला ठरावीक पगार नसतो. छापून आलेल्या मजकुराच्या हिशेबाने मानधन मिळतं, आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणल्या तर त्यावर कमिशन. ज्याची जाहिरात आणायची त्याच्याचविरुद्ध बातमी कशी लिहायची, हा प्रश्न कोणत्याही अभ्यासक्रमात नाही आणि प्रत्येक तालुक्यात आहे. या पुस्तकातलं त्याविषयीचं प्रकरण मुलांनी आधी वाचावं, बाकीची मागाहून. हे माहीत असूनही ज्याला गावोगाव हिंडून लिहायचं आहे, त्याने माहितीचा अधिकार कायदा, २००५चा अर्ज कसा लिहायचा ते शिकावं आणि जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प वाचायला शिकावं. हे दोन येणारा पोरगा कोणत्याही कार्यालयात वर्षभरात ओळखला जातो. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर खेड्यापाड्यांतली वार्तांकनं मराठीतही येतात. एका बाईच्या मजुरीबद्दल किती प्रश्न विचारता येतात, ते तिथे बघावं.

आता पुस्तकांकडे येते. माझी नंतरची वर्षं तिथे गेली आणि माझा जीवही तिथेच आहे.

मराठीत ‘प्रकाशक’ म्हटलं की पैसे लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो आणि ‘संपादक’ म्हटलं की वर्तमानपत्र. पुस्तकाला संपादक असतो, हेच पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसतं. ‘सत्यकथा’ आणि मौज प्रकाशन गृह यांच्यामागे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी जे केलं, ते लेखकांना माहीत होतं, वाचकांना फारसं नाही. चांगल्या संपादकाचं काम पुस्तकात दिसत नाही. दिसतं ते न केलेलं काम: पन्नासाव्या पानावर नायिकेचे डोळे घारे आणि एकशे दहाव्या पानावर काळे.

या कामाचे थर आहेत आणि प्रत्येक थर ही एक वेगळी नोकरी आहे. हस्तलिखित वाचून घ्यायचं की नाही ते सांगणारा वाचक. लेखकासमोर बसून तिसरं प्रकरण पहिलं करा म्हणणारा संपादक. वाक्यं, तपशील, सनावळ्या, नावांची एकवाक्यता तपासणारा संहिता-संपादक. शेवटी मुद्रितशोधक, ज्याला लोक प्रूफरीडर म्हणतात आणि ज्याच्याकडून बाकी तिघांची कामं फुकटात करून घेतात. त्याला पानाच्या किंवा फर्म्याच्या हिशेबाने पैसे मिळतात. डेमी आकाराचा एक फर्मा सोळा पानांचा. म्हणून २४३ पानांचं पुस्तक तयार झालं की कार्यालयात वाद सुरू होतो: तीन पानं कमी करून पंधरा फर्म्यांत बसवायचं, की सोळावा फर्मा घेऊन तेरा पानं कोरी सोडायची? लेखकाला विचारलं तर तो आणखी एक परिशिष्ट देतो. अशा वेळी कुठलीही ओळ न दुखवता तीन पानं काढणारी मुलगी ज्या प्रकाशकाकडे असते, तो तिला सहजी सोडत नाही.

मुद्रितशोधनाविषयी थोडं अधिक बोलते, कारण पदवीचं शिक्षण चालू असताना, घरबसल्या सुरू करता येईल असं हे काम आहे. साहित्य महामंडळाचे लेखनाचे अठरा नियम आहेत. १९६२ साली चौदा ठरले, १९७२ साली त्यात चारांची भर पडली. अठरा नियम पाठ करायला एक रविवार लागतो आणि ते डोळ्यांत मुरायला दोन वर्षं. ‘आचार्यांना मानधन’ आणि ‘आचाऱ्यांना मानधन’ यांतला फरक वाचून हसू येतं, पण जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना हा फरक हटकून मोडतो आणि लग्नाचा स्वयंपाक करणारी माणसं विद्यापीठाच्या व्यासपीठावर जाऊन बसतात. अरुण फडके यांनी शुद्धलेखनाची पुस्तकं लिहिली, कोश केले, गावोगावी कार्यशाळा घेतल्या. यास्मिन शेख यांनी शब्दलेखनकोश केला आणि ‘अंतर्नाद’ मासिकाच्या व्याकरण सल्लागार म्हणून काम पाहिलं. मासिकाला व्याकरण सल्लागार असतो, हे वाक्य मी मुलांसमोर म्हणते तेव्हा त्यांना ते परदेशातलं वाटतं.

एक तक्रार इथेच नोंदवून ठेवते. मराठी वैचारिक पुस्तकांना शेवटी सूची नसते. चारशे पानांचं चरित्र, आणि रानडे कुठे कुठे आले ते शोधायला चारशे पानं चाळायची. सूची करणं हे बुद्धीचं काम आहे, निव्वळ संगणकाचं नाही; ‘राव’ हे आडनाव कुठलं आणि उपाधी कुठली हे माणसालाच कळतं. इतिहास किंवा ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी हे कौशल्य कमावलं तर पहिली काही वर्षं त्यांना प्रकाशकांना सूचीची गरज पटवावी लागेल. नंतर काम मागत फिरावं लागणार नाही, असा माझा अंदाज आहे. तो चुकूही शकेल.

अक्षराचंही तसंच. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फाँट घडवला; मराठी टंकलेखन करणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्यात लिहून गेला आहे. आज मुंबईतल्या ‘एक टाइप’च्या मंडळींनी केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फाँट दुकानांच्या पाट्यांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत नजरेस पडतात. चित्रकला महाविद्यालयातल्या मुलांना मुखपृष्ठ एवढंच प्रकाशनाचं दार वाटतं. आतल्या पानाची मांडणी, टाइप, मुलांच्या पुस्तकांची चित्रं अशी आणखी दारं आहेत, आणि तिथे गर्दी कमी आहे.

भाषांतराविषयी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून मी लांबवत नाही. इतकंच म्हणते की इंग्रजीतून मराठीत आणणारे पुष्कळ आहेत. कन्नड, तेलुगू, गुजराती, उर्दू यांपैकी एखादी भाषा घरात किंवा शेजारी ऐकत वाढलेली मुलं सोलापूर, नांदेड, बेळगाव, मुंबईत कितीतरी आहेत आणि ती आपल्या त्या भाषेला गुण मानत नाहीत. सोलापूरच्या एका विद्यार्थ्याला मी विचारलं, तेलुगू येतं का? तो ओशाळून म्हणाला, “घरी बोलतो फक्त.” फक्त!

सरकारी आणि निमसरकारी वाटा मुलांच्या पालकांना आवडतात, त्या भराभर सांगते. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातली पदं लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. ‘लोकराज्य’ तिथून निघतं. १९६७मध्ये स्थापन झालेली पुण्याची बालभारती पाठ्यपुस्तकं करते आणि १९७१पासून ‘किशोर’ मासिक काढते. वाईला मराठी विश्वकोशाचं काम चालतं. तिथे नोंदी लिहिणारे, तपासणारे लागतात, आणि दोनशे शब्दांत एक विषय बसवण्याची तालीम दुसरीकडे कुठे मिळत नाही. आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागांत हंगामी वृत्तनिवेदक व भाषांतरकार नेमतात. राष्ट्रीय पुस्तक न्यास प्रकाशनाचे अभ्यासक्रम चालवतो. तिशीच्या आतल्या लेखकांसाठी २०२१मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान युवा योजनेत निवडलेल्यांना सहा महिने दरमहा ५० हजार रुपये शिष्यवृत्ती होती. अशा योजना येतात-जातात, त्यांच्या भरवशावर आयुष्याचा बेत आखू नये.

विक्री हा शब्द ऐकला की साहित्याच्या विद्यार्थ्यांचा चेहरा पडतो. तरी सांगते. पुस्तकाच्या छापील किमतीतला मोठा वाटा वितरक आणि दुकानदाराकडे जातो. मराठी पुस्तकाची आवृत्ती पूर्वी हजाराची असे, आता पाचशेची, कधी तीनशेचीही असते. राज्यात ११ हजारांहून अधिक अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांतल्या किती ठिकाणी एखादं चांगलं पुस्तक पोचलंच नाही, हे शोधून काढणारा माणूस प्रकाशनसंस्थेचा खरा आधार असतो. १९७४मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने वाचकाकडे चालत जाऊन हे दाखवून दिलं होतं. वर्तमानपत्रांना हा धडा मार्च २०२०मध्ये मिळाला. टाळेबंदीत मुंबईचे अंक काही दिवस छापलेच गेले नाहीत. नंतर छापले तरी घरापर्यंत नेणारा हात नव्हता. संपादकीय विभागात बसून आम्ही पहाटे चारला लाइन टाकणाऱ्या मुलांचा पहिल्यांदा विचार केला. लाज वाटली, ती योग्यच होती.

यंत्राचं काय, हा प्रश्न आता प्रत्येक वर्गात येतो. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण लेखी करून देणं, कच्चं भाषांतर, पत्रकाची बातमी ही कामं यंत्र करतं, आणि नवशिक्यांची पहिली वर्षं ज्या कामांवर जायची ती हीच असल्यामुळे धोका खरा आहे. तो नाकारणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण मी पुन्हा त्या तळाच्या ओळीकडे बोट दाखवते. प्रिंटलाइनीत यंत्राचं नाव घालता येत नाही. तीन पिंपळगावांपैकी विहीर कुठल्या पिंपळगावातली, याचं उत्तर यंत्र बिनदिक्कत देईल, मीही त्या रात्री बिनदिक्कतच दिलं होतं. दुसऱ्या दिवशी एसटीने आलेल्या माणसासमोर उभं राहायला माणूस लागतं.

शिक्षण कुठे घ्यावं? पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाचा विभाग, अमरावतीचं भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र ही नावं पुस्तकात तपशिलासह आहेत. पगाराचे आकडे मात्र संपादकांनी माझ्या सांगण्यावरून गाळले. शहरागणिक, मालकागणिक ते इतके बदलतात की छापताच खोटे ठरावेत. माझं मत विचाराल तर पदवी अर्थशास्त्र, कायदा, शेती, विज्ञान, कशाचीही घ्या आणि धंदा धंद्यात शिका. ज्याला जमिनीचा सातबारा वाचता येतो त्याला बातमी लिहायला शिकवता येतं. उलटं शिकवायला जास्त वेळ लागतो.

आणि सुरुवातीसाठी कुठे जायची गरज नाही. प्रत्येक महाविद्यालयाचा वार्षिकांक असतो. बहुतेक ठिकाणी तो प्राचार्यांच्या मनोगताने सुरू होतो, स्नेहसंमेलनाच्या फोटोंनी संपतो आणि कोणी वाचत नाही. पण त्यातही संहिता असते, फर्मे असतात, छापखाना असतो, तारीख असते आणि कुठेतरी तळाशी नावंही असतात. काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका महाविद्यालयातून एक मुलगी आमच्याकडे कामासाठी आली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिने आपण संपादित केलेला वार्षिकांक दाखवायला आणला होता. मी चाळला. मांडणी बेताची, कविता नेहमीच्या. एका पानावर फोटोखाली बोटभर रुंदीची छापील पट्टी चिकटवलेली होती. हे काय, म्हणून विचारलं.

ती म्हणाली, शुद्धिपत्र. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या परिचरांचं नाव फोटोखाली चुकलं होतं. अंक छापून आल्यावर लक्षात आलं. सर म्हणाले, राहू दे, कोण बघतं. पण ते काका एकतीस वर्षं नोकरी करून त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. म्हणून तिने पट्ट्या छापून घेतल्या आणि वसतिगृहातल्या तिघींना घेऊन दोन रात्रींत सहाशे प्रतींवर चिकटवल्या.

“सगळ्या?” मी विचारलं.

“नऊ प्रती वाटून झाल्या होत्या,” ती म्हणाली, “त्या घरी जाऊन लावल्या.”